चोवीस बुश आणि एक जुनं लढाऊ विमान

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटंसं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक म्हातारा लेथ, आणि उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी कोणी टाकायचं यावरून रोजची भांडणं. बहुतेक काम पंपांच्या आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं. काही वर्षांपूर्वी एका मध्यस्थामार्फत इन्क्वायरी आली : ब्राँझचे बुश, नग २४. सोबत ड्रॉइंगच्या झेरॉक्सची झेरॉक्स. कडेला रशियन अक्षरं, मापं मिलिमीटरमध्ये, कोणत्या यंत्राचं ते कुठेच लिहिलेलं नाही. मध्यस्थ एवढंच म्हणाला, "जुन्या फायटर विमानाचं आहे."

बुश म्हणजे जाड भिंतीची छोटी नळी. तिच्यात दांडा फिरतो किंवा हलतो. झिजायचंच असेल तर या नळीने झिजावं आणि महागडा दांडा वाचावा, एवढंच तिचं काम. असे बुश आम्ही रोज शेकड्यांनी काढतो. पार्टनरला म्हटलं, अर्ध्या दिवसाचं काम आहे, नगाला साडेचारशे लावू. मग दुसरं पान उलटलं. तिथे बुशासोबत कोणकोणते कागद द्यायचे त्याची यादी होती, आणि ती ड्रॉइंगपेक्षा लांब होती.

वाडीला आमच्या ओळखीचे एक काका राहतात. वायुसेनेच्या स्टोअर्समधून रिटायर झालेले. ते पान घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, यादी वाचली आणि हसले. "बुश तं कोनीबी बनवते बाबू. त्याचा बाप कोन, आजा कोन, हे लिहून देता येते का तुले?"

जुन्या विमानांच्या सुट्या भागांचा सगळा तिढा या एका प्रश्नात आहे. तो मला उलगडायला दोन वर्षं लागली.

नागपूरकरांना हा विषय तसा परका नसायला हवा. भारतीय वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं, म्हणजे देखभालीचं काम बघणाऱ्या कमांडचं मुख्यालय इथल्या वायुसेना नगरात आहे. आपण अमरावती रोडने येता-जाता ती पाटी वाचतो आणि पुढे जातो. देशभरातले बेस रिपेअर डेपो, ज्यांना सगळे बीआरडी म्हणतात, ते याच कमांडखाली येतात. विमान किंवा इंजिन पार खोलून, तपासून, पुन्हा जोडायची ही ठिकाणं. नाशिकजवळ ओझरला ११ बीआरडी आहे, तिथे लढाऊ विमानांचं ओव्हरहॉल होतं. म्हणजे विमान उडतं जोधपूरला किंवा अंबाल्याला, पण त्याच्या वॉशरची चिंता करणारी माणसं आपल्या गावात बसतात.

आता वयं बघा. जग्वार आपल्याकडे १९७९ मध्ये आलं. मिराज २००० आलं १९८५ ला, मिग-२९ त्यानंतर दोन वर्षांनी. मिग-२१ तर १९६३ पासून होतं, त्याला २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये निरोप दिला. बासष्ट वर्षं. इतक्या वर्षांत आपल्या घरी सायकल, लुना, स्कूटर, मोटारसायकल आणि दोन कार बदलून होतात.

विमानाचं आयुष्य वाढवता येतं. ते कागदावर मोजलेलं असतं, तपासण्या करून तासांची मुदत वाढवून मिळते. पण भाग बनवणाऱ्या कारखान्याचं आयुष्य कोण वाढवणार? मिराज २००० चं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. जग्वार ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून बनवलेलं. फ्रान्सने ते २००५ मध्ये सोडलं, ब्रिटनने २००७ मध्ये, ओमानने २०१४ मध्ये. आज जगात जग्वार उडवणारा देश एकच उरला, तो आपण. दुकानात एकच गिऱ्हाईक असेल आणि तेही वर्षातून चार बोल्ट मागत असेल, तर दुकानदार शटर ओढणारच.

सोव्हिएत विमानांचं दुखणं निराळं होतं. तिथे एकेक भाग वेगवेगळ्या प्रजासत्ताकांत बनायचा आणि मॉस्कोतून एक हुकूम निघाला की सगळे भाग एका ठिकाणी गोळा व्हायचे. १९९१ मध्ये तो देशच मोडला. काल ज्याला आपण एक पुरवठादार समजत होतो तो आज अनेक देशांत विखुरला, प्रत्येकाचं चलन वेगळं, कस्टम वेगळं, भांडण वेगळं. नव्वदच्या दशकात आपल्या वायुसेनेला सुट्या भागांची जी चणचण लागली तिचं मूळ इथे आहे. आणि ते दुखणं संपलेलं नाही. ए-एन-३२ या मालवाहू विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार २००९ मध्ये युक्रेनशी झाला होता. २०१४ मध्ये क्रिमियावरून रशिया-युक्रेनचं बिनसलं आणि इकडे कानपूरच्या डेपोत येणाऱ्या किटांचा प्रवाह आटला.

"पन नाशकात तर आपणच मिग बनवत होतो ना?" हा प्रश्न मीही काकांना विचारला होता. बनवत होतो. सरकारी विमान कंपनी एचएएलने नाशिकला मिग-२१ आणि पुढे मिग-२७ परवान्यावर बांधली. पण परवान्यात रेसिपी मिळते, स्वयंपाकाची अक्कल नाही. ड्रॉइंगवर भिंतीची जाडी ३.५ मिमी लिहिलेली असते, ३.२ केली तर चालेल का, हे ज्या हिशेबातून ठरतं तो हिशेब मूळ डिझायनरच्या कपाटात राहतो. शिवाय पंप, व्हॉल्व्ह, गेज असे कित्येक तयार भाग बाहेरूनच यायचे. त्यांचं ड्रॉइंगसुद्धा हातात नसायचं.

कोणता भाग कधी संपतो

सुट्या भागांत एक जात वापरून फेकायची : रबरी रिंगा, गॅस्केट, फिल्टर, टायर, स्प्लिट पिना. दुसरी जात काढून, दुरुस्त करून परत लावायची : हायड्रॉलिक पंप, जनरेटर, इंधनाचे नियंत्रक. यांना ठराविक तासांनी ओव्हरहॉल लागतं. या दोन्हींचा अंदाज बांधता येतो. वर्षाला इतके तास उडणार, म्हणजे इतके पंप उतरणार, इतक्या रिंगा लागणार. स्टोअर्सवाल्यांचं सगळं आयुष्य या त्रैराशिकात जातं.

त्रास देते ती तिसरी जात : जे भाग कधी बिघडणारच नाहीत असं धरलेलं असतं ते. पंखाच्या आतला एखादा कंस, झाकणाची बिजागरी, वायरींचा जुडगा, पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प. विमान नवं घेतलं तेव्हा यातला एकही जादा मागवला गेला नाही, कारण मूळ कंपनीच्या यादीतच तो नव्हता. वीस-पंचवीस वर्षांचं आयुष्य धरून काढलेल्या यादीत चाळिसाव्या वर्षाची दुखणी कुठून येणार? आणि चाळिसाव्या वर्षी वायरवरचं आवरण तडकायला लागतं, बिजागरीत गंज दिसतो. शेल्फवर शून्य, कॅटलॉगमध्ये नंबर नाही, बनवणारा कोण ते कुणाला आठवत नाही. तोफ, इंजिन, रडार यांची नावं बातमीत येतात. विमान जमिनीवर बसतं ते कित्येकदा असल्या बिनचेहऱ्याच्या भागापायी.

नंबरचाही एक घोळ आहे. पाश्चात्य विमानांच्या भागांना तेरा आकडी क्रमांक असतो, नाटो स्टॉक नंबर. पहिले चार आकडे वस्तूची जात सांगतात : ५३३१ म्हणजे ओ-रिंग, ५३१० म्हणजे नट आणि वॉशर, ३११० म्हणजे बेअरिंग. पुढचे दोन आकडे देशाचे, फ्रान्सचे १४, ब्रिटनचे ९९. उरलेले सात त्या वस्तूचे. गंमत अशी की हाच भाग वेगळ्या विमानातही लागत असेल तर नंबर तोच राहतो, त्यामुळे एका विमानाची गरज दुसऱ्याच्या साठ्यातून भागते. सोव्हिएत वस्तूंचे नंबर निराळेच. कुठल्याही दुकानात ६२०५ नंबरचं बेअरिंग मागा, मिळेल. पाण्याच्या मोटरीतही लागतं. रशियन मानकात त्याच मापाच्या बेअरिंगला २०५ म्हणतात. आतलं भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२, जाडी १५, तंतोतंत तेच. ज्याला हे ठाऊक आहे त्याला वाटेल प्रश्न सुटला. नाही सुटत. विमानातल्या बेअरिंगचा अचूकतेचा दर्जा वेगळा, गोळ्या धरणारी जाळी वेगळ्या धातूची, आतलं ग्रीस उणे पन्नास-साठ अंशांत घट्ट न होणारं. माप जुळतं, गुण जुळत नाही. लग्नाच्या पत्रिकेसारखंच.

दुसऱ्याच्या निवृत्त विमानांवर

भाग मिळत नाही म्हटल्यावर पहिला उपाय कुणालाही सुचेल तो : शेजारच्या बंद विमानाचा काढून लावा. जगभरातल्या वायुदलांत हे चालतं, आणि ज्या विमानाचे भाग असे काढले जातात त्याला गमतीने हँगर क्वीन म्हणतात. राणी, कारण ती हँगर सोडत नाही. काका या प्रकाराला फार नावं ठेवायचे. "एक काम दोनदा करा लागते. तिकडून काढा, इकडं लावा, नवा आला का मंग तिकडं पुन्हा लावा. आन् काढ-घालीत कनेक्टरच्या पिना वाकते तो वेगळाच खर्च." शिवाय राणी फार दिवस बसली की तिचे इतके भाग गेलेले असतात की ती परत उठतच नाही.

दुसरा उपाय, दुसऱ्या देशाची निवृत्त विमानं आणायची. २०१८ च्या सुमारास फ्रान्सने त्यांच्याकडची ३१ जुनी जग्वार आपल्याला फुकट देऊ केली, वाहतूक आपली. ओमान आणि ब्रिटनकडूनही जग्वारचे सांगाडे आणि सुटे भाग ठरले. उडवण्यासाठी कुणी ती मागितली नव्हती. खोलून आपली जग्वार जगवायला मागितली. हे आपणच करतो असं नाही. पाकिस्तानने १९९० मध्ये ऑस्ट्रेलियाची वापरलेली ५० मिराज-३ विमानं घेतली होती, त्यांतली काही उडती करायला आणि काही भागांसाठी.

उलटं उदाहरण इराणचं. शहाच्या काळात इराणला अमेरिकेकडून ७९ एफ-१४ मिळाली. १९७९ ला क्रांती झाली आणि पुरवठा बंद. पुढे २००६ मध्ये अमेरिकी नौदलाने स्वतःची एफ-१४ निवृत्त केली, तेव्हा जगात या विमानाच्या भागांचा गरजवंत एकच उरला होता, आणि तो नेमका शत्रू. अमेरिकेने २००७ मध्ये एफ-१४ च्या भागांची विक्री थांबवली आणि आपली उभी असलेली बरीचशी विमानं यंत्रात घालून अक्षरशः तुकडे करून टाकली. आपल्यालाही १९९८ च्या पोखरणनंतर याची थोडी चव मिळाली. अमेरिकेचे निर्बंध आले आणि ब्रिटिश बनावटीच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे, ज्यांच्यात अमेरिकी भाग होते, हाल झाले. विमान ज्याचं त्याच्याशी पटतं तोवर ठीक. पण त्याच्या पोटातल्या भागाच्या मालकाशीही पटावं लागतं.

जुन्या विमानातून काढलेला भाग येताना स्वतःचं वयही घेऊन येतो. पंप दिसायला लख्ख असेल, पण तो किती तास चालला, ओव्हरहॉल कधी झालं, हे लिहिलेलं हवं. रशियन भागांसोबत एक छोटी पुस्तिका येते, तिला ते पासपोर्टच म्हणतात. पासपोर्ट हरवला तर चांगला चालणारा पंपसुद्धा कुठे लावता येत नाही. परदेशात पासपोर्ट हरवलेल्या माणसासारखी त्याची गत : आहे, समोर उभा आहे, पण कोण आहे ते सिद्ध होत नाही.

"जसाच्या तसा" बनवणं

मग नवा बनवा की! आमच्यासारखे लेथवाले इथेच फसतात, कारण वस्तूचा आकार डोळ्यांना दिसतो आणि बाकीचं काहीच दिसत नाही.

रबरी रिंगच घ्या. दहा रुपयांची वस्तू वाटते. रशियन लढाऊ विमानांच्या हायड्रॉलिकमध्ये खनिज तेलाच्या जातीचं लाल द्रव असतं. त्यात नायट्राइल रबर टिकतं. प्रवासी विमानांत सहसा फॉस्फेट एस्टर जातीचं द्रव वापरतात. त्यात नायट्राइलचा चिखल होतो, तिथे ईपीडीएम नावाचं दुसरं रबर लागतं. आणि ईपीडीएमची रिंग खनिज तेलात टाकली तर फुगते. दोन्ही काळ्या, दोन्ही एकाच मापाच्या, हातात घेऊन ओळखू येणार नाहीत. वर पुन्हा रबराचं वय. रिंग ज्या तिमाहीत शिजली ती तिमाही पाकिटावर छापलेली असते आणि नायट्राइलला पाकिटात साधारण पंधरा वर्षांची मुदत धरतात. म्हणून "आमच्या गोडाऊनमध्ये जुना, न वापरलेला माल आहे" असं कुणी अभिमानाने सांगितलं की स्टोअर्सवाल्याच्या कपाळावर आठी येते.

बोल्टचं उदाहरण मला जास्त भीतिदायक वाटतं. उच्च ताकदीच्या पोलादी बोल्टला गंजू नये म्हणून कॅडमियमचा मुलामा देतात. त्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो. तो बाहेर काढायला बोल्ट ओव्हनमध्ये भाजावे लागतात : मुलामा दिल्यावर चार तासांच्या आत ठेवायचे, १९० अंश सेल्सियसच्या आसपास, आणि कित्येक जातींसाठी तब्बल २३ तास. प्लेटिंगवाल्याने रात्री वीज गेली म्हणून दहाच तास ठेवले तर? बोल्ट तसाच दिसतो. मापात बसतो. कडकपणाच्या चाचणीत पास होतो. घट्ट केल्यावर एक दिवस, दोन दिवस नीट राहतो, आणि मग कुणी हात न लावता तडकतो. तो भाजला होता की नव्हता हे बोल्टकडे बघून कळत नाही. ते फक्त ओव्हनच्या नोंदीतून कळतं. काकांच्या "बाप कोन, आजा कोन" चा अर्थ मला त्या दिवशी लागला.

आमच्या बुशावर मटेरियल लिहिलं होतं रशियन लिपीत. उलगडून वाचलं तेव्हा ते ब्र-आ-झ-म्त्स १०-३-१.५ निघालं. ब्र म्हणजे ब्राँझ, आ म्हणजे ॲल्युमिनियम दहा टक्के, झ म्हणजे झिलेझो, लोखंड, तीन टक्के, म्त्स म्हणजे मँगनीज दीड टक्का, बाकी तांबं. रशियन धातूंची नावं अशी सरळ असतात, मला आवडली. त्यांचं डी-१६ म्हणजे जवळपास अमेरिकी २०२४ ॲल्युमिनियम, व्ही-९५ म्हणजे जवळपास ७०७५. पण "जवळपास" हा शब्द आपल्या धंद्यात चालतो, विमानाच्या धंद्यात त्याला परवानगी काढावी लागते. बेंगळुरूला डीआरडीओची सेमिलॅक नावाची संस्था आहे. लष्करी विमानात काय बसवायला योग्य आहे ते ती ठरवते. दर्जा तपासणाऱ्या डीजीएक्यूएचे लोक वेगळे. पर्यायी धातू वापरायचा तर त्याची चाचणी, तुलना, मंजुरी.

हिशेब

बातम्यांत अधूनमधून येतं की सैन्याने एवढासा स्क्रू एवढ्या हजाराला घेतला. मीही चहाच्या टपरीवर त्यावर हसलेलो आहे. आता आमचा हिशेब सांगतो.

२४ बुश, नगाला ४५०, एकूण १०,८००. हा माझा पहिला रेट. त्यात बार (म्हणजे धातूची दांडी) इथल्या लोखंडाच्या बाजारातून, लोहाओळीतून आणायचा असं मनात होतं. कागदांची यादी वाचल्यावर तो बार बाद, कारण त्याला टीसी नाही. (टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट. शाळेचा टीसी हरवला तर दुसरा निघतो, धातूचा निघत नाही.) टीसीसकट, ज्या भट्टीतून निघाला तिच्या नंबरासकट बार हवा तर तो बनवणारी गिरणी किमान पन्नासेक किलो घ्या म्हणते. आम्हाला लागणार चार किलो. झाले पन्नास हजार. त्याच बारचे नमुने कापून रासायनिक, ताणाची, कडकपणाची आणि अल्ट्रासोनिक चाचणी मान्यताप्राप्त लॅबमध्ये, पंचेचाळीस हजार. भोक मापात आहे की नाही ते तपासायची गेजेस, तीही कॅलिब्रेशनसह, पस्तीस. पहिले चार नग फक्त तपासणीसाठी, त्यातला एक उभा चिरून, सगळ्या मापांचा सीएमएम (अचूक मापं घेणारं यंत्र) रिपोर्ट, तीस. आणि एक माणूस सहा-आठ महिने पत्रव्यवहार, तपासणीची तारीख, चूक दुरुस्ती, पुन्हा तारीख यात अडकलेला, त्याचा एक लाख धरा, कमीच धरला. बेरीज दोन लाख साठ हजार. भागिले चोवीस, नगाला दहा हजार आठशेच्या वर.

म्हणजे आधी जे पैसे सगळ्या चोवीस नगांचे होते, ते आता एका नगाला लागत होते. यात आमचा नफा अजून धरलेला नाही. आणि यंत्रावर प्रत्यक्ष काम? तेच, अर्धा दिवस.

नग चोवीसऐवजी दोन हजार चारशे असते तर हा सगळा खर्च कुठल्या कुठे विरून गेला असता. जुन्या विमानात तसं होत नाही, कारण विमानंच थोडी उरतात आणि दरवर्षी कमी होतात. संरक्षण मंत्रालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सृजन नावाचं पोर्टल सुरू केलं, बाहेरून येणाऱ्या कोणत्या वस्तू इथे बनवायच्या आहेत ते त्यावर दिसतं. सरकारी संरक्षण कंपन्यांनी इथूनच घ्यायच्या अशा वस्तूंच्या पाच याद्या निघाल्या, मिळून ५,०१२ वस्तू. याद्या चांगल्या आहेत, पूर्वी आम्हाला काय हवंय तेच कळत नसे. पण हिंगण्यातला माणूस यादी बघताना वस्तूचं नाव नंतर वाचतो, वर्षाला किती लागणार ते आधी शोधतो. दहा वर्षांची गरज एकत्र करून एका ऑर्डरीत दिली तर असल्या बुशांना दहा जण पुढे येतील, असं माझं मत. स्टोअर्सची बाजूही आहेच : दहा वर्षांचा माल घेतला आणि विमान पाचव्या वर्षी निवृत्त झालं तर ऑडिटवाला त्यांना विचारणार.

इलेक्ट्रॉनिक्सचं थोडक्यात सांगतो, तो माझा प्रांत नाही. चिप बनवणाऱ्या कंपन्या मोबाइलमागे धावतात, तीस वर्षांपूर्वीची चिप कोणी बनवत नाही. मग साठा शोधणारे दलाल येतात. अमेरिकेच्या सिनेटच्या समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यांच्याच लष्करी सामानात बनावट असल्याच्या संशयाची सुमारे १,८०० प्रकरणं निघाली, भागांची संख्या दहा लाखांच्या वर. फेकलेल्या कॉम्प्युटरच्या पाट्यांवरून चिपा उतरवायच्या, घासून जुना नंबर पुसायचा, नवा छापायचा. त्यामुळे शहाणी वायुदलं चिप शोधत बसण्यापेक्षा सगळा डबाच नवा बसवतात. आपल्या जग्वारांतली दिशादर्शन आणि हल्ल्यासाठीची डॅरिन नावाची यंत्रणा तशीच टप्प्याटप्प्याने बदलत गेली.

कागद खोटा असेल तर

एवढा कागदाचा आग्रह म्हणजे सरकारी खाक्या, असं मलाही वाटायचं. मग दोन गोष्टी वाचल्या. पहिली, ८ सप्टेंबर १९८९. नॉर्वेचं एक जुनं प्रवासी विमान ओस्लोहून हॅम्बुर्गला जाताना डेन्मार्कजवळ समुद्रात पडलं, पंचावन्न माणसं गेली. चौकशीत निघालं की उभं शेपूट धरून ठेवणारे काही बोल्ट नकली होते. दुसरी अलीकडची, २०२३ ची. लंडनच्या एका छोट्या कंपनीने प्रवासी विमानांच्या इंजिनांसाठी भाग विकले, त्यांच्यासोबतचे दाखले खोटे होते. कुठला भाग तुटल्याची बातमी आली नाही. तरीही अनेक देशांतल्या विमान कंपन्यांना इंजिनं उतरवून ते भाग शोधून काढावे लागले. भाग कदाचित बरेही असतील. पण बरे आहेत असं म्हणायला आधार उरला नव्हता.

तेवढ्यासाठी ती लांब यादी.

आम्ही तेव्हा कोटेशन भरलं नाही. दोन लाख साठ हजारांचा आकडा चोवीस बुशांपुढे लिहायची हिंमत झाली नाही, समोरचा वेड्यात काढेल असं वाटलं. मध्यस्थानेही परत फोन केला नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्याच एका मध्यस्थाकडून मेल आला. उघडला तर तेच ड्रॉइंग. झेरॉक्सची आणखी एक पिढी झालेली, अक्षरं अजून पुसट, पण कोपऱ्यातला चहाचा डाग ओळखीचा. नग मात्र आता १०.

काकांना दाखवलं. ते कागद लांब धरून बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजे चौदा भेटले कुठंतरी," ते म्हणाले. "एखादं रिटायर झालं असन."

या वेळी मी कोटेशन भरलं. बारचा टीसी आधी मागवला, रेट नंतर लावला.